देवश्रीचा नवा अल्बम

शेवगावच्या स्टँडवर मी नगरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर मायलेकी एकच इयरफोन वाटून घेऊन गाणं ऐकत होत्या.

“आई, ही देवश्रीच हाय! सकाळीच नवा अल्बम आलाय तिचा.”

“ती भजनं म्हनायची ती? नऊवारी नेसून, डोळं मिटून?”

“व्हय, तीच! आता केस बारीक केलेत, जॅकेट घातलंय. आन् गानी समदी तिनंच लिव्हलीत.”

“अगं, पर ही तर आपल्यावानी बोलती! आत्ता ‘न्हाई’ म्हनली बघ.”

“पुनतांब्याचीच हाय ती. इतकी वर्सं कंपनीवाल्यांनी तिला शुद्ध बोलायला लावलं हुतं.”

“लई भारी! इयरफोन काढ, आवाज वाढीव, ऐकू दे लोकांला.”

“आई, आज नगरला गान्याच्या स्पर्धेची निवड हाय ना, तिथं सरांनी दिलेलं भावगीत मी म्हननार न्हाई.”

“मंग काय म्हननार?”

“कांदं खुरपताना तू म्हनतीस, ते.”

“अगं बया! त्याचं दुसरं कडवं तुला कुठं येतंय?”

“म्हनूनच सांगते. आत्ता शिकव.”

“हितं? एवढ्या मान्सांत?”

“हितंच.”

आईनं एकदा इकडंतिकडं बघितलं, पदर खोचला आणि भर स्टँडात खड्या आवाजात गायला सुरुवात केली.