रिकाम्या कार्बाइनचे शस्त्रपूजन

नाव : स्वानंद त्र्यंबक घारपुरे. वय : ५३ वर्षे. व्यवसाय : वायुप्रकल्पात सुरक्षा-निरीक्षक (ही नोंद खोडू नये). राहणार : कंपनीची वसाहत, अल खोर (कतार), मूळ नाशिक. दिनांक : १५ ऑक्टोबर २०२१.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, दुभाषी कासम (मूळ दापोली) यांच्यामार्फत कथन करतो की, माझ्या सासूबाई मीना बापट, वय ७४, यांचा पासपोर्ट आपल्या मेजावर आहे आणि त्यांचे परतीचे विमान मंगळवारी आहे. सबब हा जबाब. उदबत्ती त्यांनी लावली, हे सत्य. गोळी त्यांनी झाडली, हे असत्य.

गतमासी मी एक पुरातन कार्बाइन खरेदी केली. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू व गोळी ठासावयाची; घोड्याखालील स्फोटक टोपीवर उडणारी. हेतू संग्रह व क्वचित लक्ष्यवेध; परवाना जोडला आहे. निवडीस पाच महिने लागले. एक नग अतिरिक्त चकाकीमुळे, दुसरा दस्ता नवा असल्यामुळे मी नाकारला. तिसऱ्याचा घोडा अर्ध्या टप्प्यावर अढळ राही, गंज वरवरचा, कारखान्याचे ठसे शाबूत. नळीची बाहेरील लांबी मी मिलिमीटरपर्यंत मोजली. आत गज घालून मोजली नाही. मोजली असती, तर ती चार बोटे कमी भरून तळाशी जुनी दारू व गोळी ठासलेली आहे हे तत्क्षणी उमगले असते. विक्रेता म्हणाला, "खाली है." तेच वाक्य मी घरी मराठीत, अधिक गांभीर्याने उच्चारिले, शिवाय टोपीविना ती उडणे अशक्य, असे व्याख्यानही दिले.

आज दसरा. आमच्यात शस्त्रांची पूजा होते. येथे कासम यांनी विचारले, "साहेब, ह्यांना काय सांगू? बंदुकीला हार घातलात?"

"झेंडूचा. हळदकुंकूही."

"आणि मग तिनं गोळी मारली?"

"होय."

"मी सांगतो, पण हे लिहून घेणार नाहीत हो."

दुपारी साडेबारास कार्बाइन दिवाणखान्यातील चौरंगावर आडवी होती. उदबत्तीचे घर सापडेना. टोपी बसवावयाच्या चिमुकल्या नळीस वर छिद्र असते; ते थेट आतल्या दारूपर्यंत जाते. सासूबाईंनी काडीची उघडी दांडी मोडली व उदबत्ती त्या छिद्रात खोचली. मी पाहिले. "वा, सोय झाली," असे मीच म्हणालो.

नळीच्या रोखाने, समोरच्या खुर्चीत माझी कन्या ईश्वरी, वय १६, मोबाइल पाहत बसली होती. एक वाजून चार मिनिटांनी आमच्याकडे जेवावयास निघालेले सहकारी नंदू यांचा फोन आला: नव्या स्टेडियमकडचा रस्ता पुन्हा वळविला आहे, घर सापडत नाही. मी ईश्वरीस फाटकाशी उभे राहण्यास सांगितले. ती म्हणाली, "बाबा, व्हाय मी?" तिसऱ्या हाकेस उठली.

विस्तव छिद्रापर्यंत उतरला तेव्हा एक वाजून सहा मिनिटे झाली होती.

धूर ओसरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही रिकामी म्हणाला होतात ना?" म्हणालो होतो. ईश्वरी धावत आत आली व प्रथमच सलग मराठीत बोलली. ते येथे नोंदविण्याजोगे नाही.

खुर्चीच्या पाठीस आरपार छिद्र आहे. जमिनीपासून ब्याण्णव सेंटिमीटर, मी मोजले. ईश्वरीची बसलेली उंची मी मोजलेली नाही, व मोजणार नाही.

दोष माझा एकट्याचा आहे. सासूबाईंचा पासपोर्ट परत द्यावा. कार्बाइन परत देऊ नये.

हे सर्व कासम यांनी मला मोठ्याने वाचून दाखविले. खुर्चीच्या वाक्याशी ते थांबले. पुढे वाचा, असे मी दोन वेळा सांगितले. लिहिले आहे ते मी सांगितल्याप्रमाणे आहे, आणि खरे आहे.

(सही) स्वा. त्र्यं. घारपुरे