पुदिन्याचे चार ग्लास

धनश्री : एवढंच तर म्हणायचंय. कानबाईमातेचं नाव घे, आईसमोर उभा राहा आणि सांग, ‘निंबानानांना मी कधी ग्लास भरून दिला नाही.’ झालं. रविवारी लग्नाची सुपारी फुटली म्हणून समज.

योगेंद्र : ते लिंबांचं टोपलं जरा इकडं सरकव.

धनश्री : लिंबं गेली खड्ड्यात. वऱ्हाड यायला अजून चार तास आहेत, तुझं मॉकटेलचं काउंटर कुणी उचलून नेत नाही. मार्केटमधल्या नोकरीवरून अर्धी सुट्टी टाकून आलेय मी. काय विचारतेय?

योगेंद्र : मावशीनं हे आत्ताच का काढलं? दमणला बारमध्ये होतो हे मी पहिल्या दिवशीच सांगितलंय.

धनश्री : सांगितलंस म्हणून तर अडलं. आई म्हणते, पोरगा सोन्यासारखा आहे, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही, गॅसची टाकी खांद्यावर घेऊन तीन माळे चढतो. पण पाच वर्षं दमणमध्ये दारू ओतली, आणि माझा माणूस दर पगाराला सुरतहून दमणलाच जायचा. ज्या हातानं त्याला पाजली त्याच हातात पोरगी कशी देऊ? तिच्या जागी राहून बघ. पंचवीस वर्षं काढलीत तिनं माझ्या बापाबरोबर.

योगेंद्र : आणि मी शपथ नाही घेतली तर?

धनश्री : का नाही घेणार? ... योगेंद्र, इकडं बघ. दिला होतास?

योगेंद्र : हो.

धनश्री : बघ, तोंड केवढंसं झालं. मला वाटलंच होतं. अरे, दमण ते केवढं, आणि नाना असे फिरणारे. मला राग नाही. ते तेव्हा प्यायचे, तू तेव्हा ओतायचास, कामच होतं तुझं. आईला सांगू, नानांनी दारू सोडायच्या आधी एक-दोनदा आले होते. दोन दिवस फुरंगटून बसेल, तिसऱ्या दिवशी तुझ्यासाठी कळण्याची भाकरी थापेल. तिला मी ओळखते.

योगेंद्र : सोडायच्या आधी नाही.

धनश्री : म्हणजे?

योगेंद्र : बस जरा. ती खुर्ची घे.

धनश्री : मी उभीच बरी आहे. आधी नाही म्हणजे कधी?

योगेंद्र : आधी ते दुसऱ्याच बारमध्ये बसायचे. माझ्या काउंटरला एकदाच आले. आखाजीच्या सणाआधीचा गुरुवार होता.

धनश्री : आखाजीच्या आधीच्या गुरुवारी तर नाना गेले.

योगेंद्र : हो.

धनश्री : त्या दिवशी ते वापीला गेले होते. दगाकाकांच्या वैभवच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला.

योगेंद्र : पत्रिका होत्या त्यांच्याकडे. कापडी पिशवीत. दोन उरल्या होत्या, एक मला दिली. म्हणाले, गावचाच आहेस, ये जेवायला.

धनश्री : तुझी काहीतरी गल्लत होतेय. दुसरं कुणी असेल. नानांनी सोडून सात महिने झाले होते तेव्हा. मी बीकॉम झाले त्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवून सोडली. रोज लूमच्या खात्यातून कामावरून आले की दारातच मी म्हणायची, नाना, हा करा. लूमचा कापूस अंगभर चिकटलेला, आणि ते लहान पोरासारखं तोंड उघडायचे. मी हुंगायची. सात महिन्यांत एक दिवस वास आला नाही. आणि त्या दिवशी दवाखान्यात सगळ्यात आधी कोण पोचलं माहितीये? योगराजमामा. ज्यानं नानांना उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नाही. तो स्वतः म्हणाला, दारूचा वास नव्हता. पुदिन्याचा होता. आई म्हणाली, पेपरमिंट खाल्लं असेल.

योगेंद्र : पुदिना मी घातला होता.

धनश्री : काय बोलतोयस?

योगेंद्र : दुपारची वेळ होती, बारमध्ये कुणी नव्हतं. आत आले, मला बघितलं आणि मागे फिरले. मग पुन्हा आले. म्हणाले, तू गोडादऱ्याच्या कमलचा पोऱ्या ना? घरी सांगू नको. मी म्हटलं, आम्ही इथलं तिथं नेत नाही काका, बसा. तर म्हणाले, वास येणार नाही असं काहीतरी दे. माझी पोरगी दारातच तोंड हुंगते. तिनं पकडलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?

धनश्री : असं म्हणाले?

योगेंद्र : तेव्हा मी तुला ओळखत नव्हतो. मला हसू आलं, खरं सांगतो. सगळ्या सुरतवाल्यांची हीच रड. इकडं दारूबंदी, म्हणून प्यायला दमणला यायचं. परत जाताना चेकपोस्टवर पोलीस तोंडाला नाक लावून बघणार, आणि घरी बायको. त्यामुळं आमच्याकडं रीतच पडली होती. सुरतचं गिऱ्हाईक एकटं असलं, गाडीवर आलेलं असलं, तर त्याला व्हिस्की नाही द्यायची. वोडका द्यायची, तिचा वास कमी. पुदिना चांगला मूठभर कुटायचा, लिंबू, संत्र्याचा रस, साखरेचं पाणी, वर बर्फाचा चुरा. ते माझ्याइतकं कुणाला जमायचं नाही. लोक माझं नाव विचारत यायचे त्यासाठी.

धनश्री : तेच इथं लग्नांत देतोस. मला दिलं होतंस, डिंडोलीच्या त्या लग्नात. मी तीन प्यायले होते.

योगेंद्र : त्यात दारू नसते, धनू.

धनश्री : ते कळतंय मला. नाना किती प्यायले?

योगेंद्र : चार.

धनश्री : चार.

योगेंद्र : ते गोड लागतं. चढतंय ते कळत नाही. पहिला संपवून म्हणाले, हे तर सरबत आहे रे, दारू घाल की. मग दुसरा मी जरा कडक केला. चौथा मी माझ्यातर्फे दिला. गावचा माणूस म्हणून.

धनश्री : आणि मग?

योगेंद्र : गाडी चालू होत नव्हती त्यांची. मी बाहेर येऊन किक मारून दिली.

धनश्री : डंपरनं मागून उडवलं त्यांना. पोलिसांच्या कागदात तसंच लिहिलंय. मागून ठोकलं तर त्यात नानांची काय चूक? तुझी तरी काय?

योगेंद्र : मीपण स्वतःला तेच समजावत होतो. आठवडाभर. मग आमचा वेटर दीपक बोलला. तो त्या दिवशी त्यांच्या मागेच होता, घरी चालला होता. चेकपोस्टवर पोलिसांनी त्यांना थांबवलं होतं. तोंड उघडायला लावलं, हुंगलं आणि हात हलवून सोडून दिलं. वास आला असता तर धरलं असतं, धनू. चौकीत बसवलं असतं, दोन थपडा पडल्या असत्या, मावशी रडत-भेकत सोडवायला आली असती. अख्ख्या सोसायटीत नाचक्की झाली असती. पण दुसऱ्या दिवशी ते घरात असते.

(धनश्री खुर्चीवर बसते. मांडववाले बांबू टाकत असतात त्याचा आवाज येत राहतो.)

योगेंद्र : पाणी देऊ?

धनश्री : तुझ्या हातचं काही नको आत्ता.

योगेंद्र : बरं.

धनश्री : मला फसवायला केलं होतंस ते. पोलिसांचं नाव घेऊ नको. माझ्या नाकाला चुकवायला बनवलंस.

योगेंद्र : तुझा काय दोष त्यात?

धनश्री : मी रोज दारात उभी राहिले नसते तर नेहमीसारखी पिऊन आले असते. घाण वास मारत. आई कपाळ बडवत बसली असती, मी दोन दिवस बोलले नसते. एवढंच झालं असतं ना? सगळ्यांना मिरवून सांगायची मी, माझ्या नानांनी माझ्यासाठी सोडली. त्यांनी सोडली नव्हती, वास तेवढा सोडला होता. त्या सात महिन्यांत आणखी किती वेळा, कुणाला ठाऊक.

योगेंद्र : तसं नाही. सात महिन्यांत पहिल्यांदाच घेतोय असं म्हणाले होते. पहिला ग्लास दोनदा परत सरकवला त्यांनी. मला खोटं नाही वाटलं.

धनश्री : तुला आत्ता मला बरं वाटावं म्हणून बोलायचंय. बोल. मला काहीही बरं वाटणार नाही. ... तेराव्याला आलास तो यासाठी?

योगेंद्र : हो.

धनश्री : गॅसची टाकी, रेशनकार्डावरचं नाव, आईचं डोळ्याचं ऑपरेशन. सगळं यासाठी?

योगेंद्र : पहिले दोन-तीन महिने यासाठीच. दमण सोडून आलो होतो, दुसरं काही सुचत नव्हतं. रोज ठरवून यायचो की आज सांगायचं. मावशी चहा टाकायची आणि मी पिऊन परत जायचो. नंतर तुझ्यासाठी यायला लागलो. नंतर तर भीतीच वाटायला लागली की सांगितलं तर यायला मिळणार नाही.

धनश्री : नंतर म्हणजे कधी?

योगेंद्र : साड्यांना लेस लावायचं तुमचं मशीन बिघडलं होतं. मी ते उघडून बसलो आणि एक स्प्रिंग हरवली. तू सगळी खोली झाडलीस, मला शिव्या घालत. शेवटी ती तुझ्या वेणीत सापडली.

धनश्री : त्या दिवशी तू हसला होतास. पहिल्यांदा. मी आईला म्हटलं होतं, या बाबाला दात आहेत.

योगेंद्र : त्या दिवसापासून.

धनश्री : मग आजच का सांगितलंस, योगेंद्र? पावणेतीन वर्षं गिळलंस ना? अजून एकदा गिळायचं होतं. मी विचारलं नसतं. मी स्वतः तुला घोकून देत होते काय म्हणायचं ते.

योगेंद्र : श्रावणात मावशीनं मला कानबाईच्या रोटांच्या प्रसादाला बसवलं. आठवतं? भाऊबंदांशिवाय कुणाला देत नाहीत, जावयाला पण नाही. तुझे चुलते आडवे आले, तर त्यांना म्हणाली, मला पोरगा नाही, हाच बसेल. आता त्याच कानबाईसमोर हात वर करून खोटं बोलू? तिचा माणूस माझ्याकडून पिऊन गेला, आणि मी म्हणू की नाही दिला? माझ्याच्यानं नाही होणार.

धनश्री : म्हणजे तुझं ओझं उतरलं.

योगेंद्र : नाही उतरलं.

धनश्री : माझ्यावर तरी आलं ना. ... आईला सांगायचं का, ते मला सांग. तू मोठा खरं बोलणारा. आईकडं काय उरलंय? भाड्याची खोली, दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवून पिवळी पडलेली बोटं आणि एक वाक्य. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवते, माझा माणूस पिऊन नाही मेला. तेवढं बोलताना तिची मान ताठ होते. ते पण काढून घेऊ?

योगेंद्र : नको.

धनश्री : मग शपथ घ्यायची नाही आणि कारणही द्यायचं नाही. दोन्ही कसं जमवणार? एकच वाट आहे. लग्न मोडायचं.

योगेंद्र : तुला मी नकोय, असं म्हण. मला चालेल. पण मावशीसाठी मोडतेय असं म्हणू नको.

धनश्री : ऐकायचंच आहे तर ऐक. तू मला हवा आहेस. सकाळी हवा होतास, आत्ताही आहेस, आणि नाना आठवले की स्वतःची लाज वाटतेय. पण उद्या लग्न झालं, तू कामावरून आलास, तर मी दारात उभी राहीन रे. म्हणेन, हा कर. तू पीत नाहीस, ठाऊक आहे मला. तरी हुंगेन. आणि काही वास नाही आला तर मला जास्त भीती वाटेल. असा संसार होतो का कधी?

योगेंद्र : मी हे काम सोडतो. पांडेसऱ्याला मिलमध्ये लागतो. पुदिन्याला हात लावणार नाही.

धनश्री : काम काय करेल बिचारं. ... थांब, आईचाच फोन. धीर नाही तिला. स्पीकरवर घेते, तूही ऐक. पण एक शब्द बोलायचा नाही. मी काहीही म्हटलं तरी.

योगेंद्र : धनू, जरा विचार कर.

धनश्री : गप. ... हां आई, बोल.

सरलाबाई : काय व धनू, काय बोलना तो? लिधी का शपथ?

धनश्री : नाही आई. सुपारीचं राहू दे. मोडलं.

सरलाबाई : मोडनं? आसं काय झायं व माय?

धनश्री : तो परत दमणला चाललाय. बारमध्येच. मी म्हटलं, तिथं जायचं तर मी नाही. तर म्हणाला, जाणारच.

सरलाबाई : परत बारमा? मी त्याले घरना पोऱ्या मानं. कानबाईना रोटसले बसाडं. आनि त्यानी आसं कराव?

धनश्री : हो ना. आपण माणूस ओळखायला चुकलो.

सरलाबाई : तू रडू नको.

धनश्री : रडत नाहीये. सर्दी झालीये.

सरलाबाई : बरं झायं, आधीच समजनं. दारूना धंदा जो करस त्याले दारूच दखास, मानूस नही दखात. तुना बाप राहता ते त्याले उंबराबी चढू नही देता. पोरना डोकावर हात ठेवा आनि सोडी ते सोडी, मरेपर्यंत थेंब नही लिधा. तशा मानूस आते कोठे भेटस? शब्दना पक्का व्हता तुना बाप.

धनश्री : हो माय. शब्दना पक्का व्हता मना बाप.