पकड

जयू : दाब.

शैलेंद्र : दाबतोय.

जयू : माझी बोटं जोरात दाब, शैलू. मस्करी नको.

शैलेंद्र : ताई, जोरातच दाबून राहिलोय. एवढंच आहे.

जयू : आणि डावा?

शैलेंद्र : डावा ठीक आहे. मतलब, होता. आता त्याचंही सुरू झालंय. हे बघ, अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधे मांसाची गादी असते ना, ती बसली. उजव्याची तर गेलीच.

जयू : कधीपासून आहे हे?

शैलेंद्र : अश्विनीने फोनवर सांगितलं नाही तुला?

जयू : ती एवढंच म्हणाली की यांच्या हातातली ताकद जातेय आणि डॉक्टरांना कळत नाहीये. ते ऐकून मी पुण्यात बसून राहिले असते का? मिळेल त्या गाडीने आले. आता तू सांग. पहिल्यापासून सांग, आणि गाळू नकोस.

शैलेंद्र : पहिल्यापासून म्हणजे, थंडीत एक दिवस स्कूटरची किल्ली फिरेना. म्हटलं लॉक जाम झालंय. देवास गेटला मेकॅनिककडे नेली. त्याने तेल सोडलं आणि दोन बोटांनी फिरवून दाखवली. चला, झालं ठीक. घरी आलो, दुसऱ्या दिवशी परत फिरेना. शेजारच्या पोराने फिरवली तर फिरली. तेव्हा मी लॉकला दोष देणं सोडलं. पण मनाशीच हं, कुणाला बोललो नाही.

जयू : अश्विनीलाही नाही?

शैलेंद्र : काय बोलणार? किल्ली फिरत नाही? मग एकदा सकाळी मल्लखांबाच्या वर्गात नवीन मुलं आली होती, त्यांना चढून दाखवत होतो. अर्ध्यावर गेलो आणि सरळ खाली घसरत आलो. मुलं हसली. मीही हसलो. म्हटलं, आज लाकडाला एरंडेल जास्त लागलंय. फडक्याने पुसून काढलं, परत चढलो. परत घसरलो. त्या वेळेस कुणी हसलं नाही.

जयू : मग तरी दाखवलंस?

शैलेंद्र : दाखवलं ना. फ्रीगंजमधल्या हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला मानेत नस दबलीय, पट्टा लावा. पट्टा लावून शाळेत पीटी घेत होतो, पोरं मला रोबोट म्हणायची. मग दुसरा म्हणाला बी-ट्वेल्व्ह कमी आहे. त्याची इंजेक्शनं झाली. कुणी तेल सांगितलं, ते चोळलं. शेवटी इंदूरला, नसांच्या डॉक्टरकडे. माणूस चांगला आहे, ताई. घाई करत नाही. चालून दाखवायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, मग शर्ट काढून नुसतं बसवून ठेवलं आणि बघत राहिला. मी विचारलं, काय बघताय? म्हणाला, तुमच्या दंडाचं मांस आपोआप फडफडतंय, तुम्हाला जाणवतं का? मला पत्ताच नव्हता.

जयू : बघू.

शैलेंद्र : राहू दे ना. काय बघायचंय त्यात.

जयू : शैलू, बाही वर कर.

शैलेंद्र : कर तूच. मला वेळ लागतो.

जयू : अरे, हे सारखं असं होतं?

शैलेंद्र : थांबतं, परत होतं. आता मीपण आंघोळीच्या वेळी बघत बसतो. मग त्यांनी सुयांची तपासणी केली. एकेका स्नायूत सुई घालतात आणि म्हणतात, लावा ताकद. मशीनमधून आवाज येतो, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. तिथल्या बाईला विचारलं, हा आवाज चांगला की खराब? ती म्हणाली, सर, रिपोर्ट डॉक्टर देंगे.

जयू : आणि डॉक्टर काय म्हणाले?

शैलेंद्र : दोन आजार असू शकतात म्हणाले. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. एकाचा इलाज आहे. त्याची वेगळी इंजेक्शनं असतात, आणि हात बराचसा परत येतो. दुसऱ्याचा नाही.

जयू : नाही म्हणजे?

शैलेंद्र : नाही म्हणजे नाही, ताई.

जयू : त्यात होतं काय पुढे?

शैलेंद्र : तू मोबाईलवर बघू नकोस, एवढं ऐक माझं. इशिताने बघितलं. भोपाळहून रोज फोन करते. आधी माझ्याशी भांडायची, बाबा हे का केलं नाही, ते का केलं नाही. हल्ली फक्त विचारते, काय जेवलात. त्यावरून मला कळलं की तिने सगळं वाचून काढलंय.

जयू : आपल्याकडे कुणाला होतं का असं? बापूंना शेवटी जिना चढवत नव्हता.

शैलेंद्र : डॉक्टरांनीही विचारलं, घरात कुणाला? बापूंचं हृदयाचं होतं, ताई. आणि हातांचं म्हणशील तर शेवटपर्यंत नारळ हाताने सोलायचे. मी खूप आठवून पाहिलं. आत्या, काका, सगळे. कुणाच्याच नावावर घालता येत नाही.

जयू : वर्ग अजून घेतोस?

शैलेंद्र : घेतो. तोंडाने.

जयू : असं काय बोलतोस?

शैलेंद्र : मग खरं तेच सांगतोय. एक मुलगी आहे माझ्याकडे, निहारिका. अकरा-बारा वर्षांची. दोरीच्या मल्लखांबावर अशी सफाई मी फार थोड्यांची बघितली. दोरी पायांत धरते आणि दोन्ही हात सोडून उलटी लटकते, तोंडावर जराही ताण नाही. प्रदेशाच्या संघासाठी चाचणी होती. तिचा शेवटचा एक प्रकार बसवायचा राहिला होता. त्यात वरून गरगरत एकदम खाली यायचं असतं. नवीन असताना खाली कुणीतरी झेलायला उभं पाहिजे. तो मी. इतकी वर्षं मीच असतो. त्या दिवशी ती वर गेली, मी खाली हात पुढे करून उभा राहिलो, आणि एकदम वाटलं, ही सुटली तर माझ्याकडे काय आहे? हे दोन हात? म्हटलं, उतर. तिने वरूनच विचारलं, क्यों सर? मी म्हटलं, तेरी तैयारी नहीं है अभी.

जयू : नव्हती तयारी?

शैलेंद्र : पूर्ण होती. तिला बरोबर माहीत होतं की पूर्ण आहे.

जयू : दुसरं कुणी उभं नसतं राहिलं?

शैलेंद्र : राजस आला असता. माझाच विद्यार्थी, आता नानाखेड्याला स्वतःचा वर्ग चालवतो. पण त्याला बोलावलं असतं तर तो विचारणारच, सर, तुम्ही आहात ना, मग मी कशाला? नाही बोलावलं. चाचणीत बाकीच्या मुलींनी तो प्रकार केला, हिने नाही केला. निवड झाली नाही. मग तिचे वडील येऊन मैदानाच्या फाटकाशी उभे राहिले. ओरडले असते तर परवडलं असतं. एकदम हळू विचारलं, सर, हमसे कोई गलती हुई क्या?

जयू : तेव्हा सांगायचं होतंस.

शैलेंद्र : काय सांगू पण? शुगर आहे, लकवा मारला, असं म्हटलं की लोकांना समजतं. माझ्याजवळ सांगायला नावच नाही. क्या हुआ है सर? पता नहीं. कब ठीक होगा? पता नहीं. होगा ना? तेही पता नहीं. ताई, अशा माणसाकडे तू तुझी मुलगी पाठवशील? आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा काहीतरी लपवून राहिलाय. मी लपवत नाहीये. माझ्याकडेच नाहीये ते.

जयू : फाटक वाजलं.

शैलेंद्र : अश्विनी असेल. तुला घरात घेतलं आणि तशीच लॅबमध्ये गेली ती. रक्त बाहेरगावी पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट आज मिळणार होता.

जयू : आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?

अश्विनी : ताई, चहा तरी घेतलात का? यांना सांगितलं होतं, गॅसवर फक्त ठेवायचाय म्हणून.

शैलेंद्र : राहिला. मिळाला?

अश्विनी : मिळाला.

शैलेंद्र : उघडलास?

अश्विनी : रिक्षातच.

जयू : अगं, सांग ना लवकर. काय आलंय?

अश्विनी : निगेटिव्ह.

जयू : महाकाला, तूच वाचवलंस. चला, संध्याकाळी दर्शनाला जाऊन येऊ. काय झालं? असे का बसलात दोघं?

शैलेंद्र : तू सांग तिला.

अश्विनी : ताई, ही तपासणी त्या पहिल्या आजाराची होती. ज्याला इलाज आहे, त्याची. पॉझिटिव्ह आली असती तर डॉक्टर लगेच इंजेक्शनं सुरू करणार होते.

जयू : म्हणजे आपल्याला ती पॉझिटिव्ह हवी होती?

अश्विनी : हो. पाकीट फोडायच्या आधी मी हात जोडले. देवापाशी असलं काही कधी मागितलं नव्हतं.

जयू : मग आता तो दुसराच आहे असं म्हणायचं?

अश्विनी : तसंही नाही. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, निगेटिव्ह आली तरी पहिला नाहीच, असं म्हणता येत नाही. आणि दुसरा आहेच असंही आजच्या घडीला लिहून देता येत नाही. पावसाळ्यानंतर परत सुयांची तपासणी करू. तोवर कमजोरी पायांत, घशात, कुठे कुठे पसरते त्यावर लक्ष ठेवा, म्हणाले.

शैलेंद्र : मतलब, आणखी बिघडलं की मग सांगतील.

अश्विनी : असं नाही म्हणाले ते.

शैलेंद्र : पण आहे असंच ना.

जयू : मी तुला पुण्याला घेऊन जाते. तिथे मोठी हॉस्पिटलं आहेत, ओळखी आहेत. आजच बोलते. असं हातावर हात ठेवून पावसाळा संपायची वाट बघायची म्हणजे काय?

अश्विनी : ताई, माझ्या भावाने मुंबईला दोन ठिकाणी कागद दाखवले. दोघांनीही इंदूरच्या डॉक्टरांचंच बरोबर आहे म्हणून सांगितलं. थांबा म्हणाले.

जयू : इथे थांबायचं ते तिथे थांबा. निदान माझ्या डोळ्यांसमोर राहील.

शैलेंद्र : आणि तुझ्या डोळ्यांसमोर राहून काय होईल?

जयू : ते मला माहीत नाही. पण मी आले कशाला मग? तू लहान असताना पडलास की मी तुला उचलून घरी आणायचे. आता काय उचलू? काहीतरी सांगा ना मला करायला.

अश्विनी : ताई, पाणी घ्या. प्रवासातून आलात तुम्ही, काही खाल्लंही नाहीये.

(टेबलावरचा फोन वाजतो. शैलेंद्र स्क्रीनवरचं नाव बघतो, दोन्ही तळव्यांमध्ये धरून फोन उचलतो आणि गच्चीत जातो.)

जयू : कुणाचा आहे?

अश्विनी : निहारिकाच्या वडिलांचा असणार. दोन-तीनदा येऊन गेला. हे उचलत नव्हते.

जयू : तू कशी राहतेस ग यात?

अश्विनी : राहते म्हणजे, शिकून राहिले. बाटलीची झाकणं आधीच सैल करून ठेवते. त्यांच्या लक्षात आलं की चिडतात, म्हणतात मी काय म्हातारा झालो? नाही केली तर बाटली तशीच ठेवून देतात आणि तहानलेले बसतात. परवा मी त्यांच्या शर्टाची बटणं लावायला गेले तर माझा हात झिडकारला. मग त्याच दिवशी टी-शर्ट घालून शाळेत गेले. पीटीचे सर आहेत म्हणून चालून जातं. मी शिकवते त्या शाळेत असते तर नसतं चाललं.

जयू : तुला काय वाटतं, कुठला असेल?

अश्विनी : ते मी ठरवत नाही. पहिला म्हटलं की आशा वाटते आणि भीतीही. दुसरा म्हटलं की, मग मी भाजी चिरायला घेते. काल ते जेवताना एकदम खोकले. पाणी नुसतं चुकीच्या नळीत गेलं होतं, सगळ्यांनाच होतं तसं. पण माझा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, अगं, हे साधं खोकणं आहे. ताई, त्यांना कळलं मी काय बघतेय ते. आता ते खोकला आला तरी दाबतात.

जयू : मी राहते थोडे दिवस. चालेल तुला?

अश्विनी : चालेल काय. राहाच.

जयू : मला दुसरं काही येत नाही यात. झाकणं सैल करीन.

अश्विनी : आले बघा.

जयू : बोललास?

शैलेंद्र : बोललो. सगळं सांगितलं. म्हटलं, भाईसाब, तुमच्या मुलीत काही कमी नव्हती, माझ्याच हातात जान राहिली नाही. का, ते डॉक्टरांनाही अजून माहीत नाही. तयारीचं मी तिला खोटं बोललो.

जयू : काय म्हणाले?

शैलेंद्र : फार चांगलं बोलले. त्यांच्या ओळखीत कुणी वैद्य आहेत, रतलामकडे, त्यांचा पत्ता पाठवतो म्हणाले. मग अडखळत अडखळत विचारलं, तो फिर सर, बच्ची को आगे कौन देखेगा? मी राजसचा नंबर दिला.

अश्विनी : त्यांना विचारावं लागलं.

शैलेंद्र : हो. मी आपणहून द्यायला हवा होता. राजसलाही आता कळेल, मग बाकीच्यांना. कळू दे.

जयू : हलकं वाटतंय का जरा?

शैलेंद्र : वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. उद्या ती येणार नाही, एवढंच वाटलं. शेवटी त्यांनी विचारलं, बच्ची को क्या बोलूँ?

अश्विनी : मग काय सांगितलं?

शैलेंद्र : म्हटलं, बोल दीजिए, सर के हाथ बहुत दुखते हैं.

जयू : दुखतात? मघापासून बोलला नाहीस.

शैलेंद्र : नाही ग, ताई. जरासुद्धा दुखत नाहीत.