माझ्या नावाची सीडी, दुसरीचं पोट

दि. १८/०९/२०२५

मी शीतल किसनराव खिल्लारे, वय ३१ वर्षे, व्यवसाय शिवणकाम, रा. हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब लिहून देते की,

मी वडिलांकडे राहते. माझे लग्न २०१७ साली जवळा बाजार येथील प्रमोद याच्याशी झाले होते. मूल होत नव्हते म्हणून जून २०२२ मध्ये सासू पद्माबाई हिने एका खाजगी दवाखान्यात माझ्या पोटात दुर्बीण टाकून तपासणी करून घेतली. दवाखान्याचे नाव सोबतच्या अर्जात दिले आहे. सासूची बहीण मंजुळाबाई तिथे आया आहे. मी शुद्धीवर येण्याआधीच तपासणीच्या चित्रीकरणाची सीडी व कागद सासूच्या पिशवीत गेले होते.

आठ दिवसांनी समाजमंदिरात बैठक बसली. तिथे टीव्हीवर सीडी लावली. माझे पोट म्हणून चाळीस माणसांनी ती पाहिली. सासू म्हणाली, "नळ्या बंद हायेत. आता काहून ठेवायची हिला?" मी मान खाली घालून बसले होते. त्याच दिवशी फारकत ठरली. सीडी तिथेच पडली होती, ती मी उचलून आणली.

या महिन्याच्या ९ तारखेला प्रमोदची दुसरी बायको आकांक्षा हिचा फोन आला. "ताई, मलाबी त्याच दवाखान्यात दुर्बिणीला नेऊन राहिले," असे ती रडत म्हणाली. तिलाही मूल नाही हे कळल्यावर मला संशय आला व मी सीडी घेऊन हिंगोलीला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. माझ्या पोटावरचा जुना व्रण कशाचा, असे त्यांनी विचारले. मी अकरा वर्षांची असताना माझे अपेंडिक्स काढले होते, त्याचा कागद वडिलांनी जपून ठेवला आहे. सीडीतल्या पोटात अपेंडिक्स जागेवर आहे. काढलेले पुन्हा उगवत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

मी मंजुळाबाईला घरी जाऊन गाठले. ती म्हणाली, "तपासणी प्रमोदचीच खराब निघाली व्हती. पद्मा म्हनली, म्हून मी दुसऱ्याच पेशंटची सीडी दिली. आता तकलीफ नको देऊ, पोरी." माझी तकलीफ तिला तीन वर्षे दिसली नव्हती.

आकांक्षाची तपासणी आधी थांबवावी. मला समेट नको, नांदायचेही नाही. मी माफ करणार नाही. त्याच समाजमंदिरात, त्याच चाळीस माणसांपुढे सीडी पुन्हा लावावी. पद्माबाईला सर्वांच्या पुढे बसवावे. अपेंडिक्सवर बोट मी ठेवीन.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात सीडी बदलल्याबद्दल हवालदारांनी 'गैरसमजातून' लिहिले होते, ते मी खोडायला लावले व 'जाणूनबुजून' लिहून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बराबर आहे.