नागप्पा अण्णाचं कुंकू

खंडेनवमीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. बीदरबाहेर आमच्या कारखान्यात पत्रा कापायची नवी मशीन आली होती. तिला पुढं काचेचा डोळा. हात आत गेला की डोळ्याला कळायचं, अन् मशीन जागीच थांबायची.

त्या वर्षी सगळ्यांनी आपापल्या मशीनीला बोटभर कुंकू लावलं. आमच्या नागप्पा अण्णानं मात्र तेलात कालवून सगळं त्या डोळ्यावरच थापलं. सुट्टीनंतर बटण दाबलं तर मशीन हलंना!

सुपरवायझर तणतणत आला. "डोळ्याची वायर काढा अन् चालू करा."

मी म्हणालो, "साहेब, घासून पुसतो की."

"त्याला तासभर जाईल. माल जायचाय."

अण्णा स्टुलावरनं उठला बी न्हाई. "कामून काढायची वायर? हात गेला तर?"

"अरे, मी हाय की इथं उभा! मी बघतो."

अण्णानं आपला उजवा हात वर केला. दोन बोटं कधीचीच गेलेली. लई दमल्यागत म्हणाला, "जुन्या मशीनला डोळा न्हवता, साहेब. तवाबी तुम्हीच उभे होता."