वरची ओळ

अहो साहेब, स्क्रीनवर खाली काय बघताय? वर जा, वर! कधीपासून तीच शेवटची ओळ वाचताय – 'फाइल अर्धवट, काम थांबवलं' – ती वाचायला दादाच्या ऑफिसाने तुम्हाला पाठवलं होय? दोन पदव्या ना तुमच्या? मी आठवीत शाळा सोडली, पण एवढं मलाही कळतं. दादा म्हणायचा, छोट्या, पहिली चूक खरी, बाकीच्या तिच्या मागून रडत आलेल्या. तीनशे ओळी लाल झाल्या तरी तो शांतपणे वर जायचा, अगदी वर, आणि म्हणायचा – सापडली!

तिसऱ्यांदा बिल्ड लावलंत, तिसऱ्यांदा आपटलं. आवृत्ती जुनी म्हणे! असणारच जुनी – ही भाषा माझ्या भावाने बनवली, या टेबलावर, या मोडक्या खुर्चीत. तिचा कंपायलर, म्हणजे तिच्यात लिहिलेलं मशीनला समजावणारा, तोही तिच्यातच लिहिला. जुन्याने नवा घडवायचा, तेच हे बिल्ड. आणि जुना फक्त या मशीनवर आहे, म्हणून तर आलात. नाहीतर तो गेला तेव्हा फुलं पाठवून मोकळे झाला होतात.

मी कुठे शिकलो? शिकलो कसला – चुकलो. दादा दवाखान्यात होता. फोन केला, छोट्या, बिल्ड लाव, काय म्हणतंय ते वाच. लावलं. लालेलाल. खाली मित्र गाडीचा हॉर्न वाजवत होता – मग मी काय केलं? तुम्ही केलंत तेच. शेवटची ओळ वाचली आणि फोन ठेवला. तो नाकात नळी घेऊन दिवसभर त्या ओळीशी झुंजला हो, दोन कागद खरडले, वहिनीकडे आहेत. संध्याकाळी दवाखान्यात गेलो तर म्हणाला, सोड, उद्या बघू. उद्या कुठला! – नंतर मी वर जाऊन पाहिलं. डिस्कवर जागा नाही, एवढंच. माझे सिनेमे, त्याला न विचारता भरलेले. मी तेव्हाच वरची ओळ वाचून दाखवली असती तर सणसणीत शिवी घातली असती त्याने – घातली असती तर बरं झालं असतं.

पोचलात वर? वाचा. – काय? परत वाचा. – जागा नाही?

सिनेमे नाहीत हो, ते केव्हाच पुसले. ते – ते त्याचे फोन आहेत. माझ्या मोबाइलमध्ये बोलणं रेकॉर्ड होतं, ते या डिस्कवर टाकलंय. एकदा टाकून धीर होईना, म्हणून पुन्हा टाकलं, पुन्हा टाकलं – भरेल तेवढं. एक ठेवून बाकी पुसू म्हणता? आणि तेच एक बिघडलं तर? तुमच्या पदवीतून काढून देणार त्याचा आवाज? ऑफिसला काय, नवा कंपायलर मिळाला की झालं –

ते उघडू नका. नको म्हणतो ना, शेवटचा आहे तो, त्यात मी ती खालची ओळ वाचतोय – हात काढा. माउसवरून हात काढा!

उठा. बॅग घ्या तुमची. दार ओढून घ्या जाताना.