अकरापैकी अकरा

अमेरिकन फुटबॉल क्लबने चाचणीला बोलावलेल्या किकरांना, म्हणजे दोन खांबांमधून बॉल मारणाऱ्या खेळाडूंना, विमानतळावर परत सोडायचं काम लोरीनकडे असे. त्या मंगळवारी तिच्या व्हॅनमध्ये दोघंच होते, चाळिशीला टेकलेला वेंडेल आणि नवखा ग्रेडी.

"वेंडेल, तुझ्या किती किक बसल्या?" ग्रेडीने विचारलं.

"अकरापैकी अकरा. शेवटची पंचावन्न यार्डांवरून."

"मग घेतलं का नाही रे तुला?"

"घ्यायचंच नव्हतं कुणाला. त्यांचा आत्ताचा किकर खिडकीतून बघत होता ना, त्याला घाबरवायला आणलं होतं आपल्याला."

"च्यायला! आणि मी दोन रात्री झोपलो नाही!"

"मला तेरा वर्षं झाली. नऊ क्लब. एका ठिकाणी तर सामान सोडायच्या आतच काढून टाकलं."

"बायको काही म्हणत नाही?"

"सकाळीच फोनवर म्हणाली, आज सगळ्या चुकव. कुणी बोलवेनासं झालं, की घरी तरी येशील."

"मग चुकवायच्यास ना!"

"ठरवलं होतं रे. पण समोर बॉल दिसला की पाय ऐकत नाही."

तेवढ्यात वेंडेलचा फोन वाजला.

"उचलू नकोस, वेंडेल."

"हॅलो... हो सर. उद्या सकाळी? सिअ‍ॅटलला? पोचतो सर."

"पुन्हा चाचणीच ना?"

"हं."

"आणि घरी काय सांगणार आहेस?"

लोरीनने विमानतळाच्या दारासमोर व्हॅन उभी केली. कुणीच उतरेना.

"ग्रेडी, तू करतोस माझ्या घरी फोन? माझ्याच्यानं नाही व्हायचं."